वय ५६, निवृत्तीला दोन वर्षं : कोल्हापुरात फ्लॅटसाठी गृहकर्ज किती आणि कसं घ्यावं?

खडू_फळा

अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. वय ५६ पूर्ण, ५८ ला निवृत्ती. नेमणूक २००५ च्या आधीची, त्यामुळे जुनी पेन्शन. मूळ वेतन ८०,०००, सगळी कपात होऊन हातात १ लाख ५ हजार. शिक्षकांच्या पतसंस्थेचा ९,००० चा हप्ता पगारातून जातो, तो अजून २० महिने चालेल. तिथंच एका सहकाऱ्याला जामीन आहे.

गावाकडचं घर भावांत सामाईक, शहरात भाड्यानं राहतो. दोन फ्लॅट पाहिलेत. एक नागाळा पार्कात, २० वर्षं जुन्या इमारतीत तिसरा मजला, ४६ लाख. दुसरा कळंब्याकडं, काम चालू आहे, किंमत जवळपास तेवढीच. हाताशी २३ लाख आहेत, म्हणजे २३ लाख कर्ज लागेल.

एका बँकेत म्हणाले, ६० वर्षांपर्यंतच मुदत देऊ. त्यात हप्ता ५६ हजारांवर जातोय. दुसरीकडं मुलाला सहकर्जदार करा म्हणाले. मुलगा २८ वर्षांचा, पुण्यात नोकरी. मुलीचं लग्न झालंय, ती इचलकरंजीला असते. पत्नी गृहिणी.

विचारायचं ते असं: निवृत्तीच्या पुढं मुदत मिळते का? मुलाला घ्यावं का? आणि विमा घेतल्याशिवाय फाईल पुढं जाणार नाही म्हणतात, ते खरं आहे का?

हिशेब_वही

सर, पहिली दुरुस्ती रकमेत. २३ लाखांत भागणार नाही.

४६ लाखांच्या खरेदीवर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के धरा, म्हणजे २ लाख ७६ हजार. नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३०,०००. गहाणाच्या नोटिशीचं (मिळकत बँकेकडं गहाण ठेवल्याची सरकारी नोंद) शुल्क कर्जाच्या ०.३ टक्के, बँकेची प्रक्रिया फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, टायपिंग असं मिळून आणखी ४० हजार. एकूण साडेएकोणपन्नास लाखांच्या घरात. रेडी रेकनरनं (सरकारी बाजारमूल्याचा तक्ता) किंमत ४६ पेक्षा जास्त निघाली तर शुल्क त्या जास्त रकमेवर बसतं, तेही आधी काढून घ्या. म्हणजे कर्ज साडेसव्वीस लाख लागतंय.

खरेदीपत्र फक्त वहिनींच्या नावावर केलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, ४६,००० वाचतात. दोघांच्या नावावर केलं की सवलत गेली, ती फक्त महिलांच्या नावावरच्या खरेदीला आहे. मालक वहिनी असतील तर त्यांना कर्जात घ्यावंच लागेल, उत्पन्न तुमचं धरलं जाईल. सगळ्या बँका याला तयार नसतात, आधी विचारा. जमलं तर कर्ज बरोबर २६ लाखांवर येतं.

किमतीच्या मानानं ही रक्कम अडचणीची नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, तुम्ही ५७ टक्क्यांवर आहात. फक्त कर्जाचा चेक विकणाऱ्याच्या नावानं निघतो, मुद्रांकाला तो वापरता येत नाही. म्हणून स्वतःचे सगळे पैसे विकणाऱ्याला देऊन बसू नका, साडेतीन लाख खर्चाला बाजूला ठेवा.

आता मुदत. ६० चा नियम खाजगी नोकरीवाल्यांना लावतात, कारण त्यांचा पगार बंद झाला की ईपीएसची (भविष्य निर्वाह निधीबरोबरची पेन्शन योजना) तुटपुंजी पेन्शन तेवढी उरते. तुम्हाला सरकारी तिजोरीतून आयुष्यभर पेन्शन आहे. बहुतेक मोठ्या बँका पेन्शन धरून ७० पर्यंत जातात, काही ७५ पर्यंत. एलआयसी हाउसिंगची ‘गृह वरिष्ठ’ नावाची योजना पेन्शनवाल्यांसाठीच आहे, तिथं ८० पर्यंत मुदत मिळते. ज्या शाखेत ६० सांगितलं तिथं तुमची फाईल साध्या पगारदाराच्या खात्यात टाकली असणार. ‘निवृत्तीनंतर पेन्शनमधून परतफेड’ असा शब्द अर्जातच घाला आणि शाळेकडून अपेक्षित पेन्शनचं पत्र जोडा.

८ टक्के व्याज धरून लाखाला हप्ता असा पडतो: ७० पर्यंत म्हणजे १४ वर्षांना ९९१ रुपये, ७५ पर्यंत म्हणजे १९ वर्षांना ८५५. २६ लाखांना अनुक्रमे २५,८०० आणि २२,२०० च्या आसपास. महिन्याला साडेतीन हजार वाचवण्यासाठी पाच वर्षं जादा हप्ते भरणं मला पटत नाही, पण पेन्शनमध्ये बसत नसेल तर तोच मार्ग.

हिशेब_वही

पेन्शनमध्ये बसतंय का ते वेगळं लिहितो, कारण सगळी गोम तिथं आहे.

मूळ पेन्शन मूळ वेतनाच्या निम्मी, म्हणजे ४०,०००. तुम्हाला ४० टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण करता येतं, म्हणजे पेन्शनचा तेवढा भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घ्यायचे. पूर्ण केलं तर १६,००० कमी होऊन २४,००० उरतात. महागाई भत्ता मात्र पूर्ण ४०,००० वर मिळत राहतो. भत्ता ५५ टक्के धरला तर २२,०००. म्हणजे पूर्ण अंशराशीकरण केलं तर हातात ४६,०००, काहीच नाही केलं तर ६२,०००.

बँक पेन्शनच्या साधारण निम्म्यापर्यंत हप्ता मान्य करते. ४६,००० ला २३,००० चा हप्ता, ७० पर्यंतच्या मुदतीत कर्ज २३ लाख. ६२,००० ला ३१,००० चा हप्ता, कर्ज ३१ लाख. पगार १ लाख ५ हजार आहे म्हणून चाळीस लाख मिळतील असं कुणी एजंट सांगत असेल तर तो फक्त पुढच्या दोन वर्षांचा हिशेब करतोय.

मधला मार्ग: अंशराशीकरण २५ टक्केच करा. पेन्शन ३०,००० अधिक भत्ता २२,०००, एकूण ५२,०००. निम्मे २६,०००, आणि हप्ता २५,८००. बसतंय. शिवाय अंशराशीकरणाचे १० लाख रोख हातात येतात.

गंगावेस

हिशेब बरोबर आहे, पण २५ टक्क्यांचा सल्ला मला तितका पटला नाही. अंशराशीकरण हेसुद्धा कर्जच आहे की ओ! महिन्याला १६,००० सोडून आज १६ लाख घेताय आणि १५ वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते. व्याजदर काढला तर पावणेनऊच्या जवळ येतो. गृहकर्ज ८ नं मिळत असेल तर दोन्हींत फार फरक नाही, उलट अंशराशीकरणाला दोन गोष्टी जमेच्या आहेत. ती रक्कम सरकारी सेवकाला करमुक्त आहे, आणि माणूस मधेच गेला तर बाकी कुणी मागत नाही, कुटुंब निवृत्तिवेतनातूनही ती कापत नाहीत. गृहकर्जाचं तसं नाही, वहिनींच्या मागं लागतं.

म्हणून मी म्हणेन: आज २६ लाख घ्या, निवृत्तीला पूर्ण ४० टक्के अंशराशीकरण करा आणि ते १६ लाख थेट कर्जात भरा. तोवर मुद्दल २३ लाख ८० हजारांवर आलेलं असेल, उरतं ७ लाख ८० हजार. १२ वर्षांना हप्ता साडेआठ हजार. ४६,००० च्या पेन्शनला तो जाणवणारही नाही.

हिशेब_वही

हे योग्य आहे, फक्त मंजुरीच्या वेळी बँक ४६,००० धरून २३ लाखांवर अडवेल. तीन लाखांसाठी अडलं तर ज्या बँका ‘निवृत्तीपर्यंत मोठा हप्ता, नंतर छोटा’ अशी रचना देतात तिथं जा. दोन वर्षं चाळीस हजार भरलेत तर मुद्दल आधीच वीस लाखांजवळ येतं. अंशराशीकरण करणार नाही असं खोटं लिहून देऊ नका, पेन्शन त्याच बँकेत जमा होणार असते.

एक बारीक पण महत्त्वाचं. मोठी रक्कम भरताना बँकेची संगणकप्रणाली आपोआप मुदत कमी करते आणि हप्ता तोच ठेवते. निवृत्त माणसाला उलटं हवं. रक्कम भरण्याच्या दिवशीच लेखी अर्ज द्या: ‘मुदत कायम ठेवून हप्ता कमी करावा.’ शिक्का मारलेली पोच घ्या. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व भरण्याला दंड नाही, कुणी मागितला तर देऊ नका.

मिळकत_पत्रिका

माणसाची फाईल पास होते आणि मिळकतीवर अडते, कोल्हापुरात हे नेहमीचं आहे. त्यामुळं फ्लॅटबद्दल.

नागाळा पार्क: इमारत २० वर्षांची. मूल्यांकनकर्ता इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो आणि ते कर्जाच्या मुदतीपेक्षा किमान पाच वर्षं जास्त असावं असं बँक बघते. १४ वर्षांच्या मुदतीला चालून जाईल, १९ ला प्रश्न येऊ शकतो. भोगवटा प्रमाणपत्र आहे का बघा, त्या काळच्या बऱ्याच इमारतींना ते घेतलेलंच नसतं. अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर घोषणापत्र आणि डीड ऑफ अपार्टमेंट लागेल. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि ना हरकत. घरफाळा आणि पाणीपट्टीची चालू पावती विकणाऱ्याच्या नावावर हवी. घरफाळा वडिलांच्या नावावर आणि खरेदी मुलाकडून, असं असेल तर वारसनोंद आधी.

आणि पूर. नागाळा पार्कचा सखल भाग २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला पाण्यात होता. तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही हे खरं, पण पार्किंग, मीटर, लिफ्टची मोटर खालीच असते आणि मूल्यांकनकर्ता किंमत लावताना ते बघतो. त्यानं ४६ ऐवजी ४१ लावले तर तुमच्या कर्जावर परिणाम नाही, तुम्ही खूप खाली आहात. पण विकणाऱ्याशी बोलताना तो आकडा कामाला येतो. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. इमारत कुठल्या रेषेत बसते ते महापालिकेच्या नगररचना विभागात कळतं. निळ्या रेषेच्या आत असेल तर मी तरी त्या वाटेला जाणार नाही, पुढं पुनर्बांधणी करताना हात बांधले जातात.

कळंब्याचा फ्लॅट: काम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे वर आणखी दोन लाखांहून जास्त. पंचेचाळीस लाखांच्या आतला आणि चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असला तरच १ टक्का. कर्ज टप्प्याटप्प्यानं सुटतं, तोवर फक्त व्याज भरायचं, मुद्दल कमी होत नाही. पस्तिशीतल्या माणसाला ते चालतं, पण तुमची ७० ची रेघ हलत नाही. ताबा दोन वर्षं लांबला तर १४ ची मुदत १२ होते आणि लाखाचा हप्ता ९९१ वरून १,०८२. शिवाय तोवर भाडं चालूच. महारेराचा नोंदणी क्रमांक आणि त्यावरची पूर्णत्वाची तारीख आधी वाचा.

त्या बाजूला प्लॉट किंवा बंगला कुणी दाखवला तर सात-बारा आणि फेरफार नीट बघा. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), देवस्थान इनाम, नियमित न केलेली गुंठेवारी (शेतजमिनीचे पाडलेले छोटे तुकडे): या तिन्हींवर राष्ट्रीयीकृत बँक सहसा कर्ज देत नाही. एखादी पतसंस्था देईलही, पण दोन-चार टक्के जादा दरानं. बँकेनं नाकारलेली मिळकत उद्या विकतानाही अडतेच.

विसार देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्या: ‘बँकेकडून कर्ज मंजूर न झाल्यास विसाराची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत.’ ही ओळ नसेल तर विसार सोडून द्यावा लागतो. विसार एक लाखाच्या वर देऊच नका, मंजुरीपत्र हातात आल्यावर साठेखत.

खडू_फळा

सगळ्यांचे आभार. कळंबा सोडला. मुलाबद्दल आणि विम्याबद्दल कुणी सांगेल का? आणि जामीनकीचं काय?

बिंदू_चौक

सर, जामीनकी आधी. पतसंस्था कर्जदारांची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट माहिती कंपन्यांना माहिती देत असेल तर सहकाऱ्याचं ते कर्ज तुमच्या सिबिलमध्ये (पतनोंदीत) ‘जामीनदार’ म्हणून दिसतं. सहकारी नीट भरत असेल तर बँका सहसा पूर्ण हप्ता तुमच्या माथी मारत नाहीत, थकला असेल तर फाईल तिथंच थांबते. सिबिल अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, अर्ज करायच्या आधी स्वतः काढून बघा. तुमचा स्वतःचा ९,००० चा हप्ता मात्र धरला जाणारच. २० महिन्यांचे दीड-पावणेदोन लाख राहिले असतील, जमलं तर ते आधी फेडा आणि बेबाकी दाखला फाईलला लावा. निवृत्तीच्या वेळी पतसंस्थेचा ना देय दाखला नसला तर ग्रॅच्युइटीचं प्रकरणही रखडतं.

मुलगा: तुमची पेन्शन पुरत असताना त्याला ओढू नका. सहकर्जदार झाला की पूर्ण २६ लाख त्याच्या सिबिलवर दिसतात. उद्या तो पुण्यात स्वतःचं घर घ्यायला गेला की हा २५,८०० चा हप्ता त्याच्या पात्रतेतून वजा होतो. वीस वर्षांच्या मुदतीत लाखाला ८३६ चा हप्ता धरला तर त्याची ३० लाखांच्या आसपासची पात्रता गेली. तुमचा एक हप्ता उशिरा गेला तरी डाग त्याला. सहमालक नसेल तर करात वजावटही नाही. सहमालक केला तर मुलीचा प्रश्न आजच सोडवावा लागेल: घर कुणाच्या पैशाचं, हिस्सा कुणाचा. त्यापेक्षा घर तुमच्या किंवा वहिनींच्या नावावर आणि सोबत नोंदणीकृत मृत्युपत्र, हे सरळ. बँक अडूनच बसली तर त्याला जामीनदार म्हणून द्या. तेही सिबिलवर दिसतं, पण सहकर्जदारापेक्षा बरं.

करसवलतीच्या आशेवर कर्ज वाढवू नका. राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला तसाही कर लागत नाही आणि तुमची पेन्शन त्याच्या आत बसते.

विमा: सक्तीचा नाही, रिझर्व्ह बँकेचा असा कुठलाही नियम नाही. पण शाखेत तो गृहकर्जाचाच भाग असल्यासारखा फॉर्ममध्ये घालून देतात. छप्पन्नाव्या वर्षी २६ लाखांचा एकरकमी हप्ता लाखांत जातो, आणि तो कर्जातच मिळवला की त्यावर १४ वर्षं व्याज. आधी गरज मोजा. वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन साधारण दरानं मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे २४,००० आणि त्यावर भत्ता, ५५ टक्क्यांनी ३७,२००. त्यातून २५,८०० गेले तर साडेअकरा हजारांत घर चालवायचं, ते शक्य नाही. पण निवृत्तीला तुम्ही १६ लाख भरणार असाल तर खरी जोखीम आजपासून त्या दिवसापर्यंतची. तेवढ्यापुरता दोन-तीन वर्षांचा साधा मुदत विमा बाहेरून घ्या. प्रस्तावात साखर, रक्तदाब लपवू नका, दावा नेमका तिथंच फेटाळतात.

घराचा विमा वेगळा, तो बँक मागते आणि घ्यावाच. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडं मिळते आणि तिच्यात पूर धरलेला आहे. जमिनीसकट बाजारभावाचा नको, बांधकामाच्या खर्चाचा उतरवा.

शिरोली_लेथ

माझा प्रश्नही इथंच विचारतो. ५४ वय, फाउंड्रीसाठी मशिनिंगचं काम, पेन्शन वगैरे काही नाही. गावाकडं ऊस आणि चार म्हशी. असल्यांना मिळतं का?

हिशेब_वही

मिळतं, पण ६५ पर्यंतच धरून चला, काही बँका ७०. तीन वर्षांची विवरणपत्रं लागतात आणि निव्वळ नफ्यावर हिशेब होतो, उलाढालीवर नाही. कर वाचवायला नफा कमी दाखवला असेल तर कर्जही कमीच. घर घ्यायचं दोन वर्षं आधी ठरवून विवरणपत्र खरं भरा. जीएसटी विवरणपत्रातली विक्री आणि बँक खात्यातली जमा जुळली पाहिजे.

उसाचं बिल आणि गोकुळचं दर दहा दिवसांचं दूध बिल खात्यावर जमा होत असेल तर ते जोडता येतं. सात-बारावर तुमचं नाव आणि पीकपाहणीत ऊस हवा. भावाच्या नावावर ऊस जात असेल तर तो तुमच्या उत्पन्नात येत नाही. उसाचे पैसे हप्त्या-हप्त्यानं येतात, म्हणून बँक ते पूर्ण धरत नाही.

खडू_फळा

व्याजदर वाढला तर?

गंगावेस

तरुण कर्जदाराची बँक मुदत वाढवते, तुमची वाढणार नाही, ७० ला थांबते. त्यामुळं हप्ताच वाढतो. ८ चे ९ झाले तर २६ लाखांना २५,८०० चे २७,३०० होतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम भरायची हा पर्याय बँकेनं तुम्हाला विचारायचा असतो. बँकांचे बदलते दर ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेत, गृहवित्त कंपन्यांना आणि सहकारी बँकांना ते बंधन नाही. म्हणून मंजुरीपत्राबरोबरचं मुख्य तथ्य विवरण मागून घ्या. त्यात सगळ्या फिया धरून वार्षिक दर लिहिलेला असतो, दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावर करा.

मिळकत_पत्रिका

गहाणाची नोटीस ३० दिवसांच्या आत दाखल करायची विसरू नका, उशीर झाला तर दंड बसतो. बँकेत मूळ खरेदीपत्र, सूची क्रमांक २ (नोंदणीचा उतारा) आणि आधीच्या खरेदीपत्रांची साखळी जमा करताना कागदांची यादी सही-शिक्क्यानिशी घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत देणं बँकेला बंधनकारक आहे, त्यापुढं दिवसाला ५,००० रुपये भरपाई. यादीच नसेल तर कुठला कागद आला नाही हे सांगणार कसं? सर, अर्ज नोकरीत असतानाच करा. निवृत्तीनंतर महालेखापालांकडून पेन्शन प्रदान आदेश येईपर्यंत बँक फाईल उघडतही नाही.